ओळ सात, म्हसरूळ

नाशिकची बदली पक्की झाली त्या संध्याकाळी मी लॅपटॉपवर एक तक्ता उघडला. नऊ ओळी, अकरा रकाने. ओळींमध्ये उपनगरं: गंगापूर रोड, इंदिरानगर, पाथर्डी फाटा, सिडको, मखमलाबाद, आडगाव, म्हसरूळ, नाशिकरोड, सातपूर. रकान्यांमध्ये कामाच्या ठिकाणाचं अंतर, पाणी, शाळा, दवाखाना, लिफ्ट, उजेड, आवाज, भाडं, पार्किंग, शेजार. प्रत्येकाला दहापैकी गुण, म्हणजे बेरीज शंभरपैकी. अकरावा रकाना शेऱ्याचा.

मी ओतकामाच्या कारखान्यात माल तपासते. कोल्हापुरात नऊ वर्षं तेच केलं, आता अंबडच्या एमआयडीसीत तेच करणार होते. ओतून आलेला भाग हातात घ्यायचा, आत पोकळी राहिली आहे का पाहायचं, भेग शोधायची, सापडली की लाल खूण करून बाजूला टाकायचा. घर शोधणं याहून फार वेगळं असेल असं मला वाटलं नव्हतं.

गोरक्षने, माझ्या नवऱ्याने, तक्ता खालपर्यंत सरकवून पाहिला.

"तू ठरव. मला कुठलंही चालेल."

पुढच्या तीन महिन्यांत हे वाक्य तो इतक्या वेळा बोलला की त्याचाही एक रकाना करायला हवा होता.

बदली आम्ही दोघांनी मागून घेतली होती, सासूबाईंसाठी. त्या वणीला एकट्या राहत होत्या. सासरे दिवाळीनंतर गेले आणि जानेवारीत सासूबाई न्हाणीत पडल्या. दोन तास तशाच पडून होत्या. दूधवाल्याने हाक मारली, उत्तर आलं नाही, म्हणून कळलं. त्यानंतर मी ठरवलं की त्या आमच्यातच राहतील. त्यांना विचारलं तर म्हणाल्या, "घर तर बघा आधी. मग बघू."

त्या 'मग बघू'वर सगळं अडलं होतं. घर असं हवं होतं की त्यांना नाही म्हणता येऊ नये.

*

ओळ १. गंगापूर रोड. बेरीज ५८.
शेरा: सुंदर. लिफ्टमध्ये पट्टा घातलेला कुत्रा, पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला माणूस. सासूबाई इथे चप्पल कुठे काढायची हे विचारत बसतील.

ओळ २. इंदिरानगर. बेरीज ६१.
शेरा: सोसायटीच्या अध्यक्षांनी वीस मिनिटं नियम सांगितले. घर दाखवायचं राहून गेलं.

ओळ ८. नाशिकरोड. बेरीज ४९.
शेरा: उजेड शून्य. एजंट म्हणाला, "मॅडम, दिवसा तुम्ही कामावरच असणार ना."

एजंटचं नाव संतोष. त्याची मोटरसायकल पुढे, आमची गाडी मागे, असे सात शनिवार-रविवार आम्ही कोल्हापुराहून येऊन फिरलो. सगळीकडे रस्ते खोदलेले. कुठेही पाच मिनिटांत पोचतो म्हणून निघायचं आणि पाऊण तासाने पोचायचं. भाड्याबद्दल विचारलं की संतोष हसायचा. "कुंभ तोंडावर आलाय मॅडम. आता खाली येत नसतंय काही."

ओळ ५. मखमलाबाद.
शेरा: मालक म्हणाले मुलगी किती वर्षांची. म्हटलं दहा. म्हणाले, भिंतीवर लिहिणारी आहे का. मी उत्तर न देता

तो शेरा तसाच राहिला. त्याच क्षणी गोरक्ष मागून म्हणाला की मला कुठलंही चालेल, आणि मी लॅपटॉप मिटला.

*

ओळ ७. म्हसरूळ. बेरीज ४१.

शहराच्या उत्तरेला, दिंडोरी रोडवर. नवी चार मजली इमारत, नाव ऋतुपर्ण. निम्म्या घरांत माणसं, निम्मी रिकामी. मागे मोकळा माळ, त्यापलीकडे लेण्यांचा डोंगर. आम्ही तिसऱ्या मजल्यावरचं तीनशे तीन पाहिलं. तळमजल्यावरच्या खोलीत तानुबाई राहायच्या. त्या पेठकडच्या, बांधकाम चालू असताना नवऱ्याबरोबर राखणीला आल्या आणि तिथेच राहिल्या.

घर वाईट नव्हतं. पण मला अंबडला जायला शहर आडवं कापावं लागलं असतं, रोज येऊन-जाऊन दोन तास. अंतराला मी दहापैकी शून्य दिलं. शाळेला दोन.

सासूबाईंना फोनवर सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "म्हसरूळ? वणीची गाडी दारावरनं जाती की."

"हो, पण मला लांब पडतं, आई."

"मग नको," त्या लगेच म्हणाल्या. इतक्या लगेच की मलाच वाईट वाटलं. मी ओळीवर लाल रंग भरला. लाल म्हणजे नापास. नापास भाग मी परत हातात घेत नाही.

*

एप्रिलात आखाजी आली. तोवर घर ठरलं नव्हतं. आम्ही वणीला गेलो होतो.

माझं माहेर सांगलीचं. आमच्याकडे अक्षय्य तृतीया म्हणजे आमरस आणि हळदीकुंकू. इकडे आखाजीला घागर भरतात हे लग्नानंतर ऐकून माहीत होतं, पण इतक्या वर्षांत सुट्टी कधी जुळली नाही आणि मी ते कधी पाहिलं नव्हतं.

"यंदाची घागर तुमच्या नव्या घरात भरायची," सासूबाई म्हणाल्या. "ह्यांची पहिली आखाजी हाय. त्यांना घर कळाया पाहिजे."

"घर ठरलंच नाहीये अजून."

"पण दिवस तर आजचाच हाय."

मी गोरक्षकडे पाहिलं. तो पंख्याकडे पाहत होता.

मी वाद घातला असता. पण त्या स्वतःहून घराबाहेर पडायला तयार झाल्या होत्या, जानेवारीनंतर पहिल्यांदा. मी संतोषला फोन केला. त्याच्याकडे त्या दिवशी एकाच घराची किल्ली होती.

"म्हसरूळचं आहे मॅडम, तीनशे तीन. मालक परदेशात असतात. दोन तासांत उरका, काय असेल ती पूजा करा बिनधास्त. घराला बरंच असतं."

मी नापास केलेलं घर. मी हो म्हटलं. एका दिवसाचा प्रश्न होता.

सगळे वर गेले, मी गाडी सावलीत लावायला मागे थांबले. वर पोचले तेव्हा हॉलमध्ये गव्हाच्या राशीवर मातीची घागर ठेवलेली होती, तिच्यावर छोटं मडकं आणि त्यावर खरबूज. सासूबाई स्वयंपाकघरात गोवरीच्या निखाऱ्यावर फुंकर घालत होत्या. धुराने डोळे चुरचुरत होते. दाराच्या उंबऱ्यावर, म्हणजे काळ्या ग्रॅनाइटच्या पट्टीवर, कुंकवाच्या बोटांचे पाच ठसे ओळीने उमटवलेले होते.

"सायली, तुझं बी बोट लाव उंबऱ्याला," त्यांनी आतून सांगितलं. "एकेकाचं नाव घ्यायचं आन् एकेक लावायचं."

जिन्यात संतोष मला घड्याळ दाखवत होता. माझी लेक वेदिका भूक लागली म्हणून ओढणी ओढत होती. मी खाली बसले, बोट कुंकवात बुडवलं. नवं घर, घरातल्या माणसांची नावं. एवढंच माझ्या डोक्यात आलं. सासूबाईंनी आपलं लावलंच असणार असं धरलं आणि बाकीची तीन घेतली.

गोरक्ष. वेदिका. सायली.

आधीची पाच कोणाची, हे मी विचारलं नाही.

निघताना भरलेली घागर तानुबाईंना दिली. त्यांनी ती दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "कधी येताय मग राहायला?"

"बघू," मी म्हटलं.

*

ओळ ३. पाथर्डी फाटा. बेरीज ६८.

हेच घेतलं. कारखाना दहा मिनिटांवर, शाळा चालत जाण्यासारखी, दुसरा मजला, लिफ्ट. सासूबाईंसाठी वेगळी खोली, न्हाणीत धरायला दांडा. मे महिन्याच्या मध्यावर सामान आलं. सासूबाई जूनमध्ये येतील असं मी धरलं होतं. मी तक्त्यात ओळ तीन हिरवी केली आणि फार दिवसांनी दुपारी झोपले.

त्यानंतर जे सुरू झालं त्याला मी महिनाभर नुसती कटकट समजत होते.

गेटवरचा वॉचमन रोज विचारायचा, "कोणाकडे जायचंय ताई?" पहिल्या आठवड्यात ठीक होतं. तिसऱ्या आठवड्यात मी त्याला नाव, मजला, गाडीचा नंबर असं कागदावर लिहून दिलं. तो कागद त्याने माझ्यासमोर भिंतीला चिकटवला. दुसऱ्या दिवशी विचारलं, "कोणाकडे?"

दूधवाला पिशवी ठेवत नव्हता. सोसायटीच्या ग्रुपवर आमचा नंबर टाका असं मी सेक्रेटरींना चार वेळा सांगितलं. चारही वेळा ते म्हणाले, "अरे हो, तो रिकामा फ्लॅट ना." समोरच्या दारातल्या बाई मला लिफ्टमध्ये पाहून हसायच्या आणि विचारायच्या, "पाहुण्या का?"

मागवलेल्या वस्तू पोचल्याचे मेसेज यायचे, वस्तू यायच्या नाहीत. गॅसची टाकीही तशीच. एजन्सीत जाऊन भांडले तर मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवला. पत्ता म्हसरूळचा होता. ऋतुपर्ण, तीनशे तीन.

"हा पत्ता मी दिलेला नाही."

"सही तुमचीच आहे ना मॅडम?"

सही माझीच होती.

गोरक्ष म्हणाला, "संतोषने घोळ घातला असेल. नवीन आहोत, वेळ लागतो." वेदिका आतल्या खोलीत खोकत होती. आल्यापासून तिला खोकला लागला होता. तीन डॉक्टर झाले. तिघांनीही धूळ हे कारण सांगितलं.

*

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात कशासाठी तरी तक्ता उघडला.

ओळ ७. म्हसरूळ. बेरीज ६३.

मी ४१ दिले होते. लाल रंगही नव्हता.

तक्ता माझ्या आणि गोरक्षच्या दोघांच्या फोनवर उघडतो. मी त्याला विचारलं. तो म्हणाला, त्याने मार्चपासून तक्त्याचं तोंड पाहिलेलं नाही. मी गुण परत खाली आणले, लाल रंग भरला. शेऱ्याच्या रकान्यात मात्र काही ओळी होत्या. त्या मी पुसायच्या आधी वाचल्या.

शेरा: पाणी सकाळी सहा ते सात. पुरतं.
शेरा: मागच्या बाल्कनीत दुपारनंतर सावली.
शेरा: समोरच्या मोहिनीताई चांगल्या आहेत. न मागता कढीपत्ता देतात.

दोन दिवसांनी बेरीज ७७ होती.

शेरा: वेदिकाचा खोकला थांबला.

कोणी, कधी बदल केला हे त्या तक्त्यात दिसतं. मी पाहिलं. प्रत्येक बदल माझ्या नावावर होता. शेवटचा, बुधवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी. त्या वेळी मी भट्टीच्या विभागात होते. तिथे फोन नेता येत नाही. माझा फोन लॉकरमध्ये होता आणि लॉकरची किल्ली माझ्या खिशात होती.

मी पासवर्ड बदलला. शुक्रवारी नवा शेरा होता.

शेरा: अंतर लांब आहे असं वाटलं होतं. सवय होते. गोरक्ष सकाळी पेपर वाचून दाखवतो.

गोरक्षने मला पेपर वाचून दाखवल्याला सात वर्षं झाली. वेदिका तीन वर्षांची असताना ते कधीतरी बंद पडलं. मी हे कोणाला सांगितलेलं नव्हतं. मला स्वतःलाही ते वाचेपर्यंत आठवलं नव्हतं.

*

मी अर्धी रजा टाकून दुपारी म्हसरूळला गेले. ऊन होतं. तानुबाई नळाखाली भांडी घासत होत्या. मला पाहून त्यांनी हात थांबवले.

"परत आल्या? काय इसरलं का ताई?"

"मी आखाजीनंतर आजच येतेय, तानुबाई."

त्या हसल्या. मस्करी समजल्या असाव्यात. "अवं, मघाशी तर पोरीला घेऊन वर गेल्या. मी म्हनलं, शाळा लवकर सुटली वाटतं. तुम्ही म्हनल्या, हो."

"मी?"

त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे जरा वेळ पाहिलं. मग घासलेलं पातेलं परत घासायला घेतलं.

वर कुलूप होतं. संतोषला बोलावलं. तो अर्ध्या तासाने आला, जिना चढेपर्यंत बोलत होता, दारापाशी गप्प झाला. फोडणीचा वास येत होता. हिंग आणि लसूण.

"शेजारचा असेल," तो म्हणाला आणि कुलूप काढलं.

घर रिकामं होतं. एकही वस्तू नव्हती. मी कामावर तपासते तसं तपासलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. हॉलची फरशी ओलसर होती, ओल्या फडक्याचे अर्धगोल पट्टे अजून वाळत होते. न्हाणीच्या दारात पाण्याचे थेंब. स्वयंपाकघराच्या ओट्यावर शेगडी नव्हती. जिथे ती ठेवतात तिथे मी हात ठेवला. दगड गरम होता, दोन वर्तुळांत, बाकी ओटा गार.

आतल्या खोलीच्या चौकटीवर पेन्सिलची एक आडवी रेघ होती. शेजारी बारीक अक्षरात तारीख, आदल्या दिवशीची. कोल्हापूरच्या घरी वेदिकाची उंची मी अशीच नोंदवायचे. खिशातली टेप काढून मोजलं. एकशे सदतीस सेंटिमीटर.

घरी जाऊन वेदिकाला भिंतीला टेकवून उभं केलं. एकशे पस्तीस.

पण ते नंतर. त्याआधी, तिथून निघताना, मी उंबऱ्याकडे पाहिलं. ग्रॅनाइटवर आठ बोटं होती. पहिली पाच जवळजवळ पुसट झालेली. शेवटची तीन ताजी होती. मी बोट टेकवून पाहिलं. तरी कुंकू बोटाला लागलं नाही.

"क्लीनिंगवाली येत असेल," संतोष जिन्यातून म्हणाला. तो आधीच एक मजला खाली गेला होता. "तुम्ही कुलूप लावून घ्या मॅडम."

*

सासूबाईंना फोन केला. इकडचं काही सांगितलं नाही. नुसतं विचारलं, उंबऱ्याला बोटं लावतात ती कोणाची.

"गेलेल्यांची," त्या म्हणाल्या. "मी पाच लावली. ह्यांचं, सासू-सासऱ्यांचं, धाकल्या दिराचं आन् माझ्या पहिल्या लेकराचं. त्याचं नाव ठेवायचं राहिलं होतं, तरी लावती मी. नाव घेऊन बोट लावलं की त्यांना घर कळतं. येतात. का गं?"

मी माझ्या उजव्या हाताच्या बोटाकडे पाहिलं.

"तू कुणाची लावली? तुझ्या वडलांचं लावलं ना?"

"आई, मला माहीत नव्हतं."

"कुणाची लावली सायली?"

मी सांगितलं.

फोनमध्ये वणीच्या घरातला पंखा ऐकू येत होता. त्याचं एक पातं मध्येच घासतं.

"पुसू का मी?" मी विचारलं. "जाऊन धुऊन काढते."

"नाय. पुसत नसतात ती." मग अगदी साध्या आवाजात, भाजी काय आणू विचारावं तसं, त्या म्हणाल्या, "मी येती रविवारी. पिशवी भरून ठेवलीय."

ज्या वाक्यासाठी मी सहा महिने धडपडत होते ते हे वाक्य. मी म्हटलं, "गोरक्ष निमाणी स्टँडवर येईल घ्यायला. इकडे पाथर्डी फाट्याला तुमची खोली तयार आहे."

"हां," त्या म्हणाल्या. "जिथं तुम्ही तिघं, तिथं मी."

*

रविवार.

सकाळी मी त्यांच्या खोलीत चादर घातली. उशीपाशी बॅटरी, खाली रबरी चपला. पाणी शुद्ध करायचं मशीन बसवणारा चार दिवस चुकवत होता. तो अकरा ते दोनच्या मध्ये येणार होता.

साडेअकराला गोरक्ष निघायला बूट घालत होता. माझा फोन वाजला. सासूबाई.

"पोचले गं. गोरक्षनं बरोबर म्हसरूळच्या थांब्यावर उतरवून घेतलं. नको म्हणलं तरी पिशवी त्यानंच घेतली."

गोरक्ष माझ्यासमोर होता. डाव्या बुटाची नाडी त्याच्या हातात होती.

"आई, गोरक्ष इथे आहे. माझ्यासमोर."

"बरं," त्या म्हणाल्या. न ऐकता बरं म्हणतात तसं. फोन बंद झाला.

मी गोरक्षला सगळं सांगितलं. बोटांपासून. त्याने नाडी बांधून पूर्ण केली.

"आईला चुकून कोणीतरी उतरवलं असेल. मी घेऊन येतो."

"मी येते."

"मशीनवाला?"

"मरू दे त्याला."

"सायली, आज चुकला तर पाच दिवस होतील. तू थांब. तासाभराचा प्रश्न आहे." वेदिका आजीकडे जायचं म्हणून आधीच चप्पल घालून उभी होती. मी तिला नको म्हटलं. ती खोकत रडायला लागली. गोरक्ष म्हणाला, "येऊ दे. गाडीतच बसेल."

मी तिचा हात धरला होता. मग सोडला.

*

एक वाजता मशीनवाल्याचा फोन आला. चिडला होता. "मॅडम, मी दारात उभा आहे. कुलूप आहे इथं."

"मी घरातच आहे. बेल वाजवा."

"दहा वेळा वाजवली. शेजारच्या ताईसुद्धा म्हणतायत रिकामा आहे म्हणून."

मी दार उघडलं. बाहेर कोणी नव्हतं. फोनमध्ये तो अजून कोणाशी तरी बोलत होता, आणि समोरच्या बाईंचा आवाज येत होता, एका हाताच्या अंतरावरचा. समोरचं दार बंद होतं.

*

दोन. गोरक्ष फोन उचलत नव्हता.

अडीच. एकदा उचलला. भांड्यांचा आवाज. "जेवतोय, नंतर करतो." त्याच्या आवाजात हसू होतं. माझ्याशी बोलताना असतं तसं नाही. जेवताना कोणीतरी काहीतरी म्हणतं आणि त्यावर येतं, तसं.

मी रिक्षा मागवली. रिक्षावाला गेटवर आला, थांबला, निघून गेला. मेसेज आला: प्रवासी सापडले नाहीत. दुसरी मागवली. तसंच. मी खाली जाऊन गेटवर उभी राहिले. तिसरी आली, माझ्यापासून चार पावलांवर उभी राहिली. मी हात केला, हाक मारली. चालकाने घड्याळ पाहिलं.

वॉचमनने आज विचारलं नाही, कोणाकडे जायचंय.

*

चार.

ओळ ३. पाथर्डी फाटा.

बेरीज नाही. शेरा नाही. पुढचे रकाने पांढरे.

ओळ ७. म्हसरूळ. बेरीज १००.

शेरा: आई आल्या. आता सगळे आहोत.

मी वाचत असतानाच शेवटचं वाक्य पुसलं गेलं. एकेक अक्षर, मागून पुढे. मी पुसत नव्हते. मग त्या जागी दुसरं आलं, तितक्याच सावकाश.

शेरा: आता आणखी बघायची गरज नाही.

*

पाच वाजता मी सासूबाईंच्या नंबरवर फोन केला. चौथ्या रिंगला उचलला.

"हॅलो?" वेदिका.

"वेदू. बाबा कुठे आहे?"

मागे कोणीतरी पेपर वाचत होतं, मोठ्याने, मध्येमध्ये थांबून. सासूबाई हसल्या. मी त्यांना हसताना शेवटचं कधी ऐकलं ते आठवू लागले.

"बाबा आजीला बातम्या वाचून दाखवतोय," वेदिका म्हणाली. "आई पोळ्या करतेय. कोण बोलतंय म्हणून सांगू?"

मी परत "वेदू" म्हटलं.

"थांबा हं, बोलावते," ती म्हणाली. फोन कुठेतरी टेकवल्याचा आवाज आला. लांबून तिची हाक, आणि लाटणं थांबलं. पावलं येऊ लागली. सावकाश, पिठाचे हात पुसत येतात तशी.

मी फोन ठेवायला हवा होता.

"हॅलो," ती माझ्याच आवाजात म्हणाली.

इतक्या निवांतपणे मी कधी कोणाला हॅलो म्हटलं असेल, असं मला वाटत नाही.